चाळीस सेन्सर आणि पहिला घाणा

हा माल किंवा त्याचा कोणताही भाग अण्वस्त्रं तयार करण्यासाठी वापरला जाईल का? होय. नाही. माहीत नाही.

नववा प्रश्न. फॉर्म इंग्रजीत होता, मी अप्पांना मराठीत वाचून दाखवला, आणि तिथंच माझं चुकलं. आधीच्या आठ प्रश्नांना त्यांनी नुसती मान हलवली होती. नवव्याला त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली, आणि तिचं टोक हळूहळू तिसऱ्या चौकटीकडे सरकायला लागलं.

"अप्पा, 'नाही'वर खूण करा की."

"मला कसं म्हाईत? तितं जाऊन कोन बगितलंय?"

"खव्याचं मशीन हाय ते! खव्याच्या मशीनमदी बॉम्ब कसा हुईल?"

"मंग ह्ये लोक मला इच्यारत्यात कशाला?"

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, हे सगळ्या उमरग्याला माहीत आहे. मी ओरडले, अप्पांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि ते वेल्डिंग बघायला निघून गेले.

आमचं वर्कशॉप हायवेला लागून आहे. बोर्डावर 'कल्याणप्पा इंजिनिअरिंग वर्क्स' असं लिहिलेलं आहे. आम्ही खवा आटवायची मशीनं बनवतो. स्टीलची दुहेरी तळाची कढई, दोन तळांच्या मधे वाफ, वर मोटर आणि मोटरला तळ खरवडत फिरणारं पातं. दूध ओतायचं, बटण दाबायचं, आणि भट्टीसमोर तीन तास घामाघूम होऊन ढवळत बसायची गरज नाही. मशीन अप्पांच्या डोक्यातलं. मी, शिवांजली, त्यांची एकुलती एक मुलगी, बी.कॉम. होऊन ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मनात आलं तरच छापणारा एक प्रिंटर.

अप्पांची एक पद्धत आहे. मशीन टेम्पोत चढलं म्हणजे विकलं, असं ते मानत नाहीत. ते स्वतः गिऱ्हाइकाच्या भट्टीवर जातात, पहिला घाणा, म्हणजे कढईभर दुधाची पहिली खेप, आपल्यासमोर काढायला लावतात, आणि त्यातला खवा चाखतात. चाखून झाला की हात जोडतात, मग मशीन गिऱ्हाइकाचं. बिदरकडच्या एका हलवायाच्या घाण्यात त्यांना पिठाची चव लागली होती. त्यांनी एक शब्द न बोलता पान्हा काढला, बोल्ट उघडले आणि मशीन त्याच टेम्पोतून परत आणलं. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली, अजून लोक हसतात. मीही हसायचे.

आता ही ऑर्डर मी आणलेली होती. मी फोनवर टाकलेला मशीनचा व्हिडिओ बघून आखातातून पंचाक्षरी नावाच्या माणसाचा फोन आला. मूळचा आळंदचा, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावरचा, आमच्यातलाच, लिंगायत. तिकडं तो यंत्रांचा व्यापार करतो. दिवाळीत त्यानं एक लहान मशीन मागवलं, ते गेलं. आता त्याला दोन मोठी हवी होती. परदेशी जाणारी आमची ही पहिली मोठी ऑर्डर. पाहुणे येता-जाता विचारायचे, पोरगी सासरी गेल्यावर वर्कशॉप कोण बघणार? त्यांच्यासमोर अप्पा एकदा बोलून गेले होते, ही ऑर्डर नीट गेली की बोर्डावर शिवूचं नाव घालणार. मला त्या बोर्डाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

फक्त पंचाक्षरीला मशीनबरोबर सेन्सर हवे होते. आम्ही वाफेचा दाब बघायला साधं काट्याचं मीटर लावतो. त्याला अमुकच कंपनीचे, अमुकच नंबरचे, परदेशी सेन्सर हवे होते. एका मशीनला एक पुरतो. त्यानं मागितले चाळीस. मी म्हटलं, असेल बाई, स्पेअर म्हणून ठेवत असेल. हैदराबादच्या डीलरला फोन केला, तर त्यानं हा फॉर्म पाठवून दिला.

सेन्सर कुठं जाणार, कशाला जाणार, हे लिहून सही केल्याशिवाय तो एकही देणार नव्हता. का, म्हणून अप्पांनी त्याला स्पीकरवर घेऊन विचारलं. त्यानं बिचाऱ्यानं समजावून सांगितलं. युरेनियमचा वायू करून तो उंच नळकांड्यांत भयंकर वेगानं गरगर फिरवतात, जड कण बाहेर जातात, हलके आत राहतात, आणि त्या हलक्यातून बॉम्बचा माल निघतो. तिथं दाब फार काटेकोर मोजावा लागतो. तो मोजणारा सेन्सर हाच.

"म्हंजे दुधातनं साय काढायचं मशीन," अप्पा म्हणाले.

डीलर म्हणाला, तत्त्व तेच, म्हणून तर असा माल कुठं जातो त्यावर देशादेशांत करार झालेत.

"ह्यो करार कुनाचा? आपल्या सरकारनं सही केलिया का?"

जगातल्या मुख्य करारावर आपली सही नाही, डीलर म्हणाला. ज्यांनी आधी बॉम्ब केले त्यांनी ठेवायचे आणि बाकीच्यांनी करायचेच नाहीत, असा तो करार, म्हणून आपण केली नाही. पण आपला माल भलतीकडं जाऊ द्यायचा नाही, हे आपणही मानतो आणि त्याचे कायदेही आपल्याकडं आहेत.

"म्हंजे सरकारनं सही केली न्हाय," अप्पा फोन ठेवून माझ्याकडं बघत म्हणाले, "आन् कल्याणप्पानं करायची."

मला हसूही आलं आणि रागही. मी सांगितलं की ह्यात आपण डोकं घालायचं नाही, आपण खव्याची माणसं. अप्पा म्हणाले, "बरं. मंग खव्याचंच बगू. दिवाळीत ल्हान मशीन गेलंय न्हवं? त्याचा पयला घाना म्या अजून चाखला न्हाय. त्यो चाखू दे. खवा आसंल तर सही करतो."

अप्पांकडं पासपोर्ट नाही. म्हणून त्यांनी पंचाक्षरीला फोन लावून कानडीत सांगितलं की तिथल्या घाण्याचे थोडे पेढे पाठवून दे. तो "शरणु अण्णा, नक्की" म्हणाला; शरणु म्हणजे आमच्यातला नमस्कार. एक आठवडा गेला. दुसरा गेला. मी रोज मेसेज टाकत होते, तो रोज हात जोडल्याचं चित्र पाठवत होता. डीलर म्हणाला, सोमवारपर्यंत फॉर्म आला नाही तर सेन्सर दुसऱ्या पार्टीला देऊन टाकतो.

आणि मग मी जे केलं ते सांगते. सांगितल्याशिवाय ही गोष्टच होत नाही.

शुक्रवारी मी एका मशीनची मोटर बदलून द्यायला एसटीनं भूमला गेले होते. भूमकडं खव्याच्या भट्ट्या गल्लोगल्ली. काम बब्रुवानकाकांच्या भट्टीवर होतं, आमचं जुनं गिऱ्हाईक. मोटर बंद म्हणून त्या दिवशी ते लाकडांवर साध्या कढईत, हातानं ढवळून खवा आटवत होते. निघताना मी त्यांच्याकडून अर्धा किलो पेढे घेतले. घरी परदेशी खजुराचं एक रिकामं खोकं पडलं होतं, त्यात ते भरले, वरून टेप मारली, जुन्या कुरिअरचं एक स्टिकर अर्धवट फाडून चिकटवलं. शनिवारी सकाळी अप्पांच्या हातात दिलं. "आलं बगा पंचाक्षरीचं पार्सल."

मला वाटलं होतं, एक पेढा तोंडात टाकतील आणि पेन्सिल मागतील. ते म्हणाले, "थांब, आंगुळ करून येतो."

अप्पा गळ्यातल्या इष्टलिंगाला दाखवल्याशिवाय काही खात नाहीत. आंघोळ करून आले, कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर लिंग घेतलं आणि समोर पेढा ठेवला. दारात उभी राहून मी ते बघत होते. माझं खोटं त्या एवढ्याशा काळ्या लिंगासमोर स्टीलच्या ताटलीत मांडलेलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सोमवार दोन दिवसांवर आला होता आणि माझ्या डोळ्यांसमोर बोर्ड होता. मी गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यांनी पेढा तोंडात टाकला. डोळे मिटले. मग अर्धा बोटांत चुरून वास घेतला.

"ही म्हस आपल्याकडची हाय," ते म्हणाले.

मी खोक्यावरचं स्टिकर हातानं झाकलं.

"भूमकडची. बाबळीचा धूर लागलाय. आन् ह्यो मशीनवरचा न्हाय, कडईतला हाय. मशीनचं पातं सारकं खरवडतंय, दाना बारीक येतोय. ह्येचा दाना बग, हाताचा हाय." ते उठले. चेहरा लाल झाला होता. "लबाड मानूस. हितनंच कुनाकडनं तरी घिऊन धाडलाय. पेड्याला जो खोटं बोलतोय त्यो सेन्सरचं काय करंल? आन फॉर्म."

मी फॉर्म आणला. त्यांनी पेन्सिल घेतली, नववा प्रश्न शोधला आणि पहिल्याच चौकटीवर नेली. होय.

"अप्पा! होय? बॉम्बसाठी वापरणार, होय?"

"व्हय. आन् खाली पंचाक्षरीचं नाव आन् फोन नंबर लिव. सरकारला कळू दे."

अर्धा किलो पेढ्यांवरून आळंदचा एक जिवंत माणूस अणुबॉम्बवाला ठरत होता, आणि पेढे मी भरलेले. सांगितलं तर अप्पा मला परत त्या टेबलाला हात लावू देणार नाहीत. नाही सांगितलं तर त्याच्या दारात पोलीस जातील. मी त्यांचा हात धरला.

"पंचाक्षरीनं न्हाय पाठवले. म्या आनले. बब्रुवानकाकांकडनं."

अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन्सिल ठेवली, लिंग कपड्यानं पुसलं, चांदीच्या डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली. मग ताटली उचलून खोक्यावर ठेवली.

"म्हंजे पंचाक्षरी खरा हाय?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि माझं मलाच ऐकू आलं. "म्हाईत न्हाय."

"आन् ह्या फॉर्ममदी वरच्या आठ सवालाला जे लिवलंय, 'दुग्धव्यवसाय', 'अंतिम गिऱ्हाईक पंचाक्षरी', त्ये कुनी सांगितलं?"

कुणी सांगितलं? पंचाक्षरीनं म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. खव्याचं मशीन म्हणजे दुग्धव्यवसाय, म्हणून लिहून टाकलं होतं. आमच्याकडं मशीन घ्यायला येणारा साधा माणूसही आधी विचारतो, किती लिटर बसतं, म्हशीचं घालू का गाईचं, वाफ लाकडावर का गॅसवर. पंचाक्षरीनं चार महिन्यांत दुधाचं नाव काढलं नव्हतं. तो फक्त सेन्सरचा नंबर तीन-तीनदा सांगायचा. हे अप्पांच्या लक्षात आलं असतं. फोनवर मी होते.

"लाव फोन," अप्पा म्हणाले. "तूच इच्यार."

पंचाक्षरीनं लगेच उचलला. मागं गाड्यांचा आवाज येत होता. मी स्पीकर लावला आणि विचारलं, "त्या लहान मशीनमध्ये दूध कशाचं घालतात? म्हशीचं का गाईचं?"

"उंटाचं, मॅडम."

मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी माझ्याकडं. पन्नास वर्षं खव्यात घालवलेल्या माणसाला उंटाच्या दुधाचं काहीच माहीत नव्हतं. मी दुसऱ्या फोनवर शोधलं. एक जण म्हणत होता, उंटाच्या दुधाचा खवा होत नाही. दुसरा व्हिडिओत उंटाचा खवा करून खात होता.

"आणि सेन्सर चाळीस कशाला?"

"वाळू, मॅडम. वाळूनं बिघडतात."

"वाळू कढईत कशी जाईल?"

"इथं वाळू सगळीकडं जाते."

हेही पटण्यासारखं होतं. वैताग हाच की त्याचं प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. मी विचारलं, लहान मशीन कुठं बसवलंय? तो म्हणाला, ते पुढच्या पार्टीला दिलं. पार्टी कुठली? पार्टीनं पुढं दिलं असेल. कुठल्या देशात? इथं त्याचा आवाज बदलला, लबाड झाला नाही, उलट दमल्यासारखा झाला. त्यानं अप्पांना हाक मारली. "अण्णा, गोत्तिल्ला."

गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही. आमच्या भागात तेवढं कानडी सगळ्यांना येतं.

"खरंच गोत्तिल्ला?" अप्पांनी विचारलं.

"खरंच, अण्णा. मी घेतो, पुढं देतो. पेढ्याचं सांगून ठेवलंय मी, पार्टी पाठवते म्हणाली. माझ्या हातात काय आहे?" आणि मग मला म्हणाला, "मॅडम, फॉर्मवर माझंच नाव राहू द्या. सगळे तेच करतात."

हे वाक्य मी पंधरा दिवसांपूर्वी अप्पांना ऐकवलं होतं. जसंच्या तसं.

फोन बंद झाल्यावर अप्पांनी पेन्सिल माझ्यापुढं सरकवली. "तू भरलास, तूच पुरा कर. तुला जे म्हाईत हाय त्येवडंच लिव. म्या खाली सही करतो."

मी वरचे आठही प्रश्न खोडरबरानं पुसले. अंतिम गिऱ्हाईक: माहीत नाही. कोणत्या देशात: माहीत नाही. नववा प्रश्न आला तेव्हा पेन्सिलीचं टोक क्षणभर 'नाही'वर थांबलं, कारण कढई कढई असते आणि मला अजूनही वाटत होतं की हा सगळा वेडेपणा आहे. मग तिसऱ्या चौकटीत खूण केली. अप्पांनी त्यावर शाईनं सही ठोकली. कानडीत.

डीलरनं सोमवारी दुपारी कळवलं, असा फॉर्म त्यानं आजवर बघितलेला नाही, सेन्सर मिळणार नाहीत. मी पंचाक्षरीला विचारलं, काट्याचं मीटर लावून मशीनं पाठवू का? तो म्हणाला, सेन्सर नसतील तर मशीनही नको. तेव्हापासून मी विचार करते आहे की मशीनसाठी सेन्सर होते का सेन्सरसाठी मशीन. किंवा सेन्सरशिवाय अर्धा सेट कोण घेईल, एवढंच साधं कारण असेल. दोन्ही मशीनं महिनाभर वर्कशॉपच्या दारात उभी होती. त्यातलं एक बब्रुवानकाकांनी नेलं. अप्पा घाणा चाखून आले, मला बरोबर नेलं नाही.

त्या खोट्याच्या लाजेनं मी आपणहून ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवून दिल्या होत्या. एका सकाळी बघते तर पेंटर शिडीवर. 'कल्याणप्पा आणि शिवांजली इंजिनिअरिंग वर्क्स'. अप्पा खाली उभे राहून त्याला अक्षर मोठं काढायला सांगत होते. मी म्हटलं, "ऑर्डर तर हातची गेली की, अप्पा." ते म्हणाले, "ऑर्डर गेली. किल्ल्या उचल, लोक खोळंबल्यात." मी आत जाऊन प्रिंटरच्या मागं तोंड लपवून रडले.

गुढीपाडव्याच्या आधी पार्सल आलं. ह्या वेळी खरंखुरं. स्टिकर अख्खं, शिक्के दोन देशांचे, त्यातला एक देश मला नकाशात शोधावा लागला. आत सहा पेढे, फिकट, जरा तपकिरी. चिठ्ठी नव्हती. अप्पांनी आंघोळ केली, विभूती लावली, पेढा लिंगासमोर ठेवला. मग खाल्ला.

"खारट हाय," ते म्हणाले. पुन्हा चाखला. बोटांत चुरला. "पन दाना बारीक. एकसारका. शिवू, ह्यो आपल्या मशीनवरचा हाय."

त्यांनी हात जोडले. म्हणजे लहान मशीनचा सौदा आता पुरा झाला होता.

उंटाचा खवा होतो. पंचाक्षरी खरं बोलला होता. एका खऱ्या माणसाची ऑर्डर मी तिसऱ्या चौकटीत घालवली होती. मी तिथल्या तिथं त्याला फोन लावला आणि माफी मागितली. पेढे पोचले, घाणा चांगला आहे, माझं चुकलं, अजून हवं असेल तर एक मशीन दारातच आहे, बिनसेन्सरचं.

"नको मॅडम," तो हसून म्हणाला. "त्या पार्टीचं काम झालं. सेन्सर मिळाले त्यांना."

"कुठून?"

"दुसरीकडून. एका औषधाच्या मशीनवाल्यानं दिले."

"आणि फॉर्म?"

"त्यानं भरला की. दोन मिनिटांत. सगळीकडं 'नाही'."

"चाळीस?"

"नाही, मॅडम. आता त्यांना दोनशे लागले."

दोनशे कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, गोत्तिल्ला. आवाज तसाच, साधा, आपल्या माणसाचा. फोन ठेवून मी खोक्यातला एक पेढा घेतला. अप्पा समोर उभे राहून माझ्या तोंडाकडं बघत होते, मी काय सांगते म्हणून. पेढा खारट होता, दाणा बारीक होता, मशीन आमचंच होतं. मी दुसरा घेतला. तोही तसाच. दोनशे सेन्सर कुठं गेले ते चवीत लागत नव्हतं.